चिठ्ठी टाकून निवडलेली नागरिक सभा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरिक सभेचा विषय काढला की समोरचा माणूस आधी हसतो. "म्हणजे लॉटरी लावून राज्यकारभार?" हा प्रश्न मला महाविद्यालयात, सोसायटीच्या बैठकीत आणि घरच्या जेवणाच्या ताटावरही ऐकायला मिळाला आहे. त्यानंतर येणारे प्रश्न मात्र गंभीर असतात. नेहमी विचारले जाणारे आणि मला महत्त्वाचे वाटणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नागरिक सभा म्हणजे नेमकं काय?

देशातल्या किंवा शहरातल्या साधारण शंभर माणसांची चिठ्ठी टाकून निवड करायची. वय, स्त्री-पुरुष, प्रदेश, कामधंदा यांचं समाजात जे प्रमाण आहे तेच या शंभरात उतरेल असं पाहायचं. त्यांच्यापुढे एक अवघड सार्वजनिक प्रश्न ठेवायचा. मग काही महिने शनिवार-रविवारी जमून त्यांनी जाणकारांचं ऐकायचं, ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे त्यांचं ऐकायचं, आपसात बोलायचं आणि शेवटी गुप्त मतदान करून शिफारशी द्यायच्या. सभा कायदा करत नाही. ते काम संसदेचंच राहतं, आणि राज्यघटना बदलायची असेल तर, निदान आयर्लंडसारख्या देशात, अखेरचा शब्द सार्वमताचा असतो.

तुम्ही सारखं आयर्लंडचंच उदाहरण का देता?

कारण तिथे ही पद्धत खऱ्या कसोटीला लागली. जेमतेम पन्नास-पंचावन्न लाखांचा देश, शतकानुशतकं कॅथलिक चर्चचा पगडा. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर लोकांचा राजकारणावरचा विश्वास पार उडालेला होता. २०११ मध्ये काही राज्यशास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून एक छोटी नागरिक सभा भरवून दाखवली. त्यातून २०१२ च्या अखेरीस अधिकृत घटनात्मक परिषद उभी राहिली: चिठ्ठीने निवडलेले ६६ नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. या परिषदेने २०१३ मध्ये समलिंगी विवाहाला घटनेत जागा द्यावी अशी शिफारस ७९ टक्के मतांनी केली. मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी तिला होकार दिला.

पुढची सभा २०१६ ची. या वेळी राजकारणी वगळले. ९९ नागरिक आणि अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. त्यांच्यापुढचा पहिला विषय होता आठवी घटनादुरुस्ती. १९८३ च्या या दुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता आणि त्यामुळे गर्भपात जवळपास अशक्य झाला होता.

इथे आपला संबंध येतो, आणि तो दुखरा आहे. सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी दंतवैद्य होती आणि गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तिथल्या रुग्णालयात ती दाखल झाली. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला होता, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून नकार मिळाला. रक्तात जंतुसंसर्ग पसरून तिचा मृत्यू झाला. त्यानंतर आयर्लंडच्या रस्त्यांवर तिचा फोटो हातात धरून लोक उभे राहिले. तरीही जो प्रश्न एकही मोठा पक्ष अंगावर घ्यायला तयार नव्हता, तो शेवटी या ९९ माणसांसमोर ठेवला गेला.

सभेचा अहवाल २०१७ मध्ये आला, संसदेच्या समितीने तो तपासला आणि २५ मे २०१८ रोजी सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

माणसं निवडतात कशी? वशिला लागत नाही का?

साधारणपणे दोन टप्पे असतात. जैवविविधतेच्या ऱ्हासावर २०२२ मध्ये भरलेल्या आयरिश सभेसाठी २०,००० घरांना पत्रं गेली. पत्र पोहोचलेल्या घरातल्या प्रौढ माणसाने इच्छा असल्यास नाव नोंदवायचं. नोंदवलेल्या नावांतून दुसरी सोडत काढली जाते आणि ती काढताना वय, लिंग, प्रदेश यांचा समतोल सांभाळला जातो. फ्रान्सने २०१९ च्या हवामानावरच्या नागरिक परिषदेसाठी दूरध्वनी क्रमांकच यादृच्छिक पद्धतीने तयार करून माणसं गाठली.

पद्धत बिघडू शकते, आणि बिघडली आहे. २०१८ च्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये उघड झालं की बदली म्हणून घेतलेले सात सदस्य दारोदार फिरून निवडलेले नव्हते. ते काम सोपवलेल्या व्यक्तीने ओळखीतल्या लोकांमार्फत फोनवरूनच ती नावं मिळवली होती. सातही जणांना वगळण्यात आलं आणि ही गोष्ट जाहीर केली गेली. मला या प्रसंगातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. निवडीचं काम एका कंत्राटदाराच्या भरवशावर सोडू नये. आणि सोडत शक्य तितकी सर्वांसमोर काढावी, कारण इथे सगळी इभ्रत त्या चिठ्ठीवर अवलंबून आहे.

एक अडचण मात्र राहतेच. पत्र मिळालेल्यांपैकी फार थोडे लोक होकार देतात, आणि जे देतात त्यांना सार्वजनिक गोष्टींत आधीपासून रस असण्याची शक्यता जास्त. प्रवासखर्च, राहण्याची सोय, मूल सांभाळण्याची व्यवस्था आणि बुडालेल्या रोजाची भरपाई दिली तर हा दोष कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

सामान्य माणसाला घटना, हवामान, अर्थशास्त्र असलं कळणार का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी गर्भपातावरच्या त्या आयरिश सभेचा एप्रिल २०१७ चा शनिवार-रविवार सांगतो. डब्लिनजवळचं मालाहाइड हे समुद्रकाठचं गाव, तिथल्या हॉटेलचं सभागृह. गोल टेबलं, प्रत्येक टेबलाभोवती सात-आठ माणसं, सोबत एक संवादक आणि एक टिपणं घेणारा. कुणी एकटाच बोलत राहिला तर संवादक त्याला थांबवणार आणि गप्प बसलेल्याला विचारणार, "तुम्हाला काय वाटतं?" पाच शनिवार-रविवार या लोकांनी डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, नीतितज्ज्ञ ऐकले, दोन्ही बाजूंच्या संघटना ऐकल्या आणि ज्या स्त्रियांवर हा प्रसंग गुदरला होता त्यांचे अनुभव ऐकले. जनतेकडून बारा हजारांहून जास्त निवेदनं आली होती.

मग मतदानाची वेळ आली. तयार मतपत्रिका त्यांनी निमूटपणे हातात घेतली नाही. प्रश्नाची शब्दरचना कशी असावी, अमुक शब्दाचा कायद्यात काय अर्थ होईल, यावर त्यांनी खल केला आणि बदल करून घेतले. मतदान एकामागून एक चार टप्प्यांत झालं. कलम आहे तसं ठेवू नये, असं ८७ टक्क्यांचं मत पडलं. ते नुसतं काढून टाकायचं की त्याजागी दुसरं काही आणायचं, यावर सभा जवळजवळ दुभंगली. कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी, असं ६४ टक्के म्हणाले. तेव्हा वर्तमानपत्रांत आणि संसदेत सूर होता की ही सभा फारच पुढे गेली, देश एवढ्या लांब येणार नाही. वर्षभराने देश आला.

त्याआधीच्या घटनात्मक परिषदेतला एक प्रसंग मला जास्त जवळचा आहे. कॉर्क भागातला एक मध्यमवयीन गृहस्थ, समलिंगी लोकांबद्दल मनात लहानपणापासूनची अढी. त्याच्या टेबलावर बसायला आला एक तरुण समलिंगी मुलगा. दोघं एकत्र बसले, जेवले, बोलत राहिले. विवाहाच्या चर्चेच्या शेवटी तो गृहस्थ सगळ्यांसमोर उठून म्हणाला की मी बाजूने मत देणार. पुढे ते दोघं मित्र झाले. असं मतपरिवर्तन टीव्हीवरच्या चर्चेत घडताना मी कधी पाहिलेलं नाही.

पण हे दीर्घकालीन निर्णयांसाठीच का सुचवता?

कारण ज्याला पाच वर्षांनी मतं मागायची आहेत त्याला तीस वर्षांनंतरचं पाणी दिसत असलं तरी बोलून दाखवता येत नाही. हा माणसाचा दोष नाही, त्या खुर्चीचा आहे. आजच्या मतदाराकडून जादा पैसे घेऊन उद्याच्या नातवासाठी जलवाहिनी घालणारा नगरसेवक पडतो, आणि त्याच्या जागी येणारा दर कमी करण्याचं वचन देऊन आलेला असतो. चिठ्ठीने आलेल्या माणसाला पुन्हा निवडून यायचं नसतं. सभा संपली की तो आपल्या दुकानात, शेतात, शाळेत परत जाणार.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या त्याच आयरिश सभेने २०१७ मध्ये हवामानबदलावर फक्त दोन शनिवार-रविवार दिले आणि १३ शिफारशी केल्या. जास्त कार्बन सोडणाऱ्या गोष्टींवर आपण स्वतः जास्त कर भरायला तयार आहोत, असं ८० टक्के सदस्यांनी सांगितलं. असं वाक्य जाहीरनाम्यात लिहायची कोणत्या पक्षाची छाती होईल? पुढे संसदेची समिती, २०१९ चा कृती आराखडा आणि मग २०२१ चा कायदा आला. २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी खाली आणायचं आणि उशिरात उशिरा २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठायचं, हे त्यात बांधून घेतलं आहे. उद्दिष्ट कायद्यात आलं म्हणजे ते गाठलं असं नव्हे. पण सरकार बदललं तरी हा हिशेब द्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न महापालिकेने २०१४ मध्ये ४३ जणांच्या नागरिक मंडळापुढे शहराचा दहा वर्षांचा आर्थिक आराखडा ठेवला. आणि जपानमध्ये तर याहून वेगळी गोष्ट केली. इवाते प्रांतातल्या याहाबा या छोट्या गावात तात्सुयोशी साइजो या अर्थशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून लोकांचे दोन प्रकारचे गट केले. एका गटाने आजचे रहिवासी म्हणून बोलायचं. दुसऱ्याने आपण २०६० सालात राहतो आहोत असं मानून, अंगात त्यासाठी खास हाप्पी हा जपानी अंगरखा चढवून बोलायचं. २०६० वाल्यांची बोलण्याची तऱ्हाच पालटली. आजचे लोक आजच्या गैरसोयी मोजत होते, तर ते गावाचं काय टिकवायचं याबद्दल बोलू लागले. अंगरखा ही बाहेरून किरकोळ वाटणारी गोष्ट, पण जो अजून जन्मला नाही त्याला बैठकीत खुर्ची द्यायची तर काहीतरी युक्ती लागणारच.

आयर्लंडने २०२२ मध्ये जैवविविधतेवर मुलांचीही सभा भरवली होती. ७ ते १७ वयाची, यादृच्छिकपणे निवडलेली ३५ मुलं. २०६० मध्ये जगणारी खरी माणसं तीच.

निवडून दिलेले प्रतिनिधी असताना यांची गरज काय? यांना जाब कोण विचारणार?

आक्षेप रास्त आहे. चिठ्ठीने आलेल्या माणसाला पुढच्या निवडणुकीत पाडता येत नाही. म्हणूनच मी सभेला निर्णयाचा अधिकार द्यावा असं म्हणत नाही. तिने शिफारस करावी, कारणं लिहावीत, मतांची फोड जाहीर करावी. निर्णय आमदार-खासदारांनी घ्यावा आणि त्याची जबाबदारी उचलावी. जाब विचारायचा तो त्यांनाच.

तज्ज्ञ निवडणाराच निकाल ठरवत असेल तर?

हाच खरा कळीचा मुद्दा आहे. प्रश्न कसा विचारला, कुणाला बोलावलं, कुणाला किती वेळ दिला, यातच अर्धा निकाल असतो. यावरचे उपाय माहीत आहेत. विरुद्ध मतांच्या जाणकारांना सल्लागार मंडळात घ्यायचं, सादरीकरणं सर्वांना थेट पाहता येतील अशी ठेवायची, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सदस्यांना "आम्हाला अमुक माणूस ऐकायचा आहे" असं सांगण्याचा हक्क द्यायचा. हे नसेल तर अशा सभेला मी जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नये.

सरकारने शिफारशी बासनात बांधून ठेवल्या तर?

ठेवतात. फ्रान्समध्ये १५० नागरिकांनी २०१९-२० मध्ये नऊ महिने खपून हवामानावर १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी ते न गाळता पुढे पाठवण्याचं वचन दिलं होतं. प्रत्यक्षात कितीतरी प्रस्ताव पातळ झाले, काही गळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच नागरिकांनी पुन्हा जमून, आपल्या प्रस्तावांची दखल कशी घेतली याबद्दल सरकारला गुण दिले: १० पैकी ३.३.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ च्या सभेने नवी मतदानपद्धत सुचवली. २००५ च्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं मिळाली, पण अट ६० टक्क्यांची होती. प्रस्ताव पडला. त्या सदस्यांनी वर्षभर कष्ट घेतले होते. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

आयर्लंडमध्येही सगळं गोड नाही. लिंगसमानतेवरच्या सभेने घरातल्या स्त्रीच्या कर्तव्यांबद्दलचं घटनेतलं जुनं कलम बदलायला सांगितलं. सरकारने सार्वमतासाठी स्वतःची वेगळी, मोघम शब्दरचना केली. ८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि काळजी-संगोपन यांवरचे दोन्ही प्रस्ताव आपटले. काळजी-संगोपनाच्या प्रस्तावाविरुद्ध जवळपास ७४ टक्के मतं गेली. सभेने सुचवलेलं जसंच्या तसं ठेवलं असतं तर जिंकलं असतं का, हे कुणी सांगू शकत नाही. पण शंभर माणसांनी महिनोन्‌महिने चर्चा करून शोधलेले शब्द असे बदलणं मला तरी पटत नाही.

यावरचा सर्वात चांगला तोडगा बेल्जियममधल्या जर्मनभाषक भागाने काढला आहे. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आतबाहेर. २०१९ पासून तिथे चिठ्ठीने निवडलेल्या २४ जणांचं कायमस्वरूपी नागरिक मंडळ आहे. कोणत्या विषयावर सभा भरवायची हे ते मंडळ ठरवतं आणि शिफारशींचं पुढे काय झालं याचा पाठपुरावाही तेच करतं. तिथल्या संसदेला प्रत्येक शिफारशीवर उत्तर द्यावंच लागतं. नाकारायची असेल तर कारण सांगून.

हे पाश्चात्त्य खूळ आहे ना?

नाही. प्राचीन अथेन्समध्ये ५०० जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठीने निवडलं जाई हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरच्या मंदिरावरचे शिलालेख मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. दहाव्या शतकातले, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे. गावाचे ३० विभाग, पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात घालायची, मडकं हलवायचं आणि लहान मुलाने सर्वांसमोर एक चिठ्ठी काढायची. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे नातलगही. ही अट वाचून कुणाचंही मन प्रसन्न होईल. पण जमीन, स्वतःचं घर आणि वेदाध्ययन याही अटी होत्या. म्हणजे स्त्रिया, भूमिहीन आणि बहुसंख्य जाती मडक्याबाहेरच. या परंपरेचा अभिमान बाळगायचा तर ही बाजूही सांगितली पाहिजे.

आणि आपल्याकडे चिठ्ठी आजही आहे. पारदर्शक ड्रमातून शाळकरी मुलाच्या हाताने प्रभागांच्या आरक्षणाची सोडत काढताना आपण दर निवडणुकीआधी पाहतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात मतं समसमान पडली तेव्हा नगरसेवक ईश्वरचिठ्ठीने ठरला. कुणी रस्त्यावर उतरलं नाही. चिठ्ठीसमोर सगळे सारखे, ही गोष्ट मराठी माणसाला शिकवावी लागत नाही.

आपली ग्रामसभा आहे की! मग वेगळं कशाला?

ग्रामसभेवर माझा जीव आहे. तिथे प्रत्येक मतदाराला येण्याचा हक्क आहे, जो कोणत्याही नागरिक सभेत नसतो. पण गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतला कमी आकडा, तोही कितीदा भरत नाही. आणि आलेल्यांत बोलतं कोण? जे नेहमी बोलतात तेच. महिलांची सभा आधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे ती याच अनुभवातून.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने यावर स्वतःची वाट काढली. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागचे अभ्यासगट कमी लोकांना ठाऊक आहेत. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. हा क्रम नागरिक सभेचाच आहे. गाव लहान असेल तर चिठ्ठीची गरजही पडत नाही, सगळेच बसतात. लाखोंच्या शहरात सगळ्यांना बसवता येत नाही, तिथे चिठ्ठी लागते.

महाराष्ट्रात सुरुवात करायची तर कुठून?

माझ्या मते शहराच्या विकास आराखड्यापासून. वीस वर्षांचा हा दस्तऐवज तुमच्या गल्लीत मैदान राहणार की इमारत होणार हे ठरवतो, आणि त्यात नागरिकाचा सहभाग म्हणजे हरकती-सूचनांचा अर्ज. आराखडा छापून झाल्यावर. मुंबईत २०१५ मध्ये मसुद्यावर इतका गदारोळ झाला की तो रद्द करून नव्याने करावा लागला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. मसुदा लिहिण्याआधीच शंभर मुंबईकर चिठ्ठीने बसवले असते तर? वडाळ्याची परिचारिका, गोवंडीचा रिक्षाचालक, दहिसरचे निवृत्त शिक्षक, वर्सोव्याची कोळीण. त्यांच्यापुढे नकाशा, पूररेषा, लोकसंख्येचे अंदाज आणि एकच प्रश्न: २० वर्षांनी इथे राहणाऱ्यांसाठी मोकळी जागा कुठे आणि किती राखायची? चार-पाच शनिवार-रविवार पुरतील. आणि महापालिकेने प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर देण्याचं आधीच कबूल करायचं. हे कबूल करून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नये.

आम्ही डब्लिनमध्ये राहतो. आमच्याकडे असं पत्र आलं तर?

पूर्वी मतदारयादीत नाव लागत असे. २०२२ च्या सभांपासून पत्र ज्या घरी आलं तिथे राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला नाव नोंदवता आलं, आयरिश नागरिकत्व नसलं तरी. पत्र पत्त्यावर येतं, नावावर नाही, त्यामुळे जाहिरातीच्या कागदांत टाकून देऊ नका. घरात एकापेक्षा जास्त प्रौढ असतील तर कुणाचं नाव द्यायचं हे आपसात ठरवा. शक्यतो जी व्यक्ती घरात सर्वात कमी बोलते तिचं द्या. नोंदणी केली म्हणजे निवड झाली असं नाही, सोडतीत नाव यावं लागतं. आलं तर सगळ्या बैठकांच्या तारखा आधीच कळतात. त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि भारतात यायची तिकिटं त्यानंतरची काढा.